दप्तराच्या तळाशी सहा कागद

लेक दुसरीत गेली तेव्हापासून दर शुक्रवारी बाई वर्गाचं एक पान घरी पाठवत होत्या. या आठवड्यात वर्गात काय झालं, पुढे काय शिकवणार आणि घरी करून बघायचे दोन-तीन उपक्रम, असं त्यात असायचं. मी "ठेव दप्तरात, बघतो" म्हणायचो. एकदा दप्तर झाडलं तेव्हा तळाशी अशी सहा पानं निघाली, चुरगळलेली.

आमचा रोजचा संवाद ठरलेला होता. "आज शाळेत काय झालं?" "काही नाही." त्या रात्री पान वाचून विचारलं, "काड्यांच्या जुड्या कुणी कुणी बांधल्या?" झालं! रबर कुणाचं तुटलं, कुणाच्या जुडीत अकरा काड्या निघाल्या, सगळं बाहेर आलं. मला मोघम प्रश्न विचारायची सवय होती, दुसरं काही नाही.

खरी परीक्षा वजाबाकीत झाली. 52 मधून 17 वजा करायचे होते. मी माझ्या लहानपणीचं सुरू केलं, "दोनातून सात जात नाहीत, मग शेजाऱ्याकडून एक उसना घे." तिनं विचारलं, "परत कधी द्यायचा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पान काढलं तर त्यात स्पष्ट लिहिलेलं: उसना म्हणू नका, दशक सुटा करा. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. एका जुडीचं रबर काढलं की चार जुड्या आणि बारा सुट्या. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार जुड्यांतून एक गेली, तीन उरल्या. पस्तीस. एवढी वर्षं मी जो 'एक' उसना घेत आलो तो मुळात दहा होता, हे मला त्या रात्री हाताला जाणवलं. (बायको हसली. तिला म्हणे आधीपासून माहीत होतं.)

पाढ्यांचं पान आलं तेव्हा मी आधीच घाबरलो होतो. एक ते दहाच्या पाढ्यांचा दहा बाय दहाचा तक्ता म्हणजे 100 घरं. पण सात आठे आणि आठ साते एकच, म्हणून वेगळी घरं 55 च उरतात. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे तिला येत होते. ते काढले तर फक्त 21. तिनं ती 21 घरं रंगवून तक्ता दारामागे चिकटवला आणि एकेक पाठ झालं की खोडत गेली. पाठांतर टळलं नाही, पण त्याला शेवट आहे हे तिला दिसत होतं.

एक उपक्रम मात्र मी जवळजवळ बिघडवला. घेवड्याच्या बिया ओल्या कापसावर ठेवायच्या, एक वाटी खिडकीत, एक बंद कपाटात, आणि कुठलं रोप उंच होईल याचा अंदाज आधीच लिहायचा. तिनं लिहिलं, 'खिडकीतलं.' दीड आठवड्यानं कपाट उघडलं तर आतलं रोप जास्त उंच! फिकट पिवळं आणि काडीसारखं बारीक, पण उंच. ती रडवेली झाली आणि मी लगेच खोडरबर पुढे केलं. सुदैवानं पान समोरच होतं, त्यात शेवटची ओळ: 'अंदाज चुकला तरी खोडू नये.' मग दोन्ही रोपं शेजारी ठेवून बघत बसलो. उजेड मिळाला नाही की रोपात हरितद्रव्य तयार होत नाही आणि रोप आपली ताकद उजेड शोधत लांब वाढण्यात घालवतं, एवढं मी सांगितलं. तिनं थोडा वेळ विचार केला आणि वहीत स्वतःच्या अंदाजाखाली लिहिलं, 'कपाटातलं उंच आहे पण त्याला उभं राहता येत नाही.'

पालकसभेत बाईंना मी सहा पानांची गोष्ट सांगून टाकली. त्या म्हणाल्या, "सहाच? बऱ्याच घरी वर्षाची निघतात."

कपाटातली वाटी आता खिडकीत आहे. रोप हिरवं होईल की नाही, यावर आमचे दोन वेगळे अंदाज वहीत लिहिलेले आहेत. माझा पेनानं लिहून घेतलाय तिनं.