तुम्ही विचारलंत म्हणून: मी बाहेर डम्पलिंग का मागवत नाही

प्रश्न नेहमी मेन्यूकार्ड फिरत असतानाच येतो. सात-आठ जण जेवायला गेलोय, कुणीतरी म्हणतं डम्पलिंग (मैद्याच्या पारीत सारण भरून वाफवलेले, मोमोसारखे) घेऊया ना दोन प्लेट, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, मी म्हणतो तुम्ही घ्या, मी नूडल्स घेतो, आणि झालं सुरू. "अरे तू तर घरी एवढे करतोस, मग इथे का नाही?" वहिनीने विचारून झालं, ऑफिसात विचारून झालं, भाच्याने तर माझ्यासमोरच दुसऱ्या कुणाला सांगितलं की मामाला बाहेरचं चालत नाही, तो एक्स्पर्ट आहे. हे शेवटचं जे आहे ना, ते मला फार लागलं. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी जे नाही ते सांगतो. स्वच्छतेचा प्रश्न नाही, मी कुठेही खातो. आत कुठलं मांस असेल वगैरे भानगड नाही. शिष्टपणा? थोडा होता, त्याबद्दल पुढे. आणि हो, डम्पलिंग मीच करतो, बायको नाही, हाही प्रश्न दर वेळी येतोच.

इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आलो, "घरच्यासारखे मिळत नाहीत." यात खोटं काही नाही, पण हे खरं कारणही नाही.

घरचे वेगळे लागतात हे मात्र मी सोडणार नाही. मैद्याच्या निम्मं पाणी, वजनाने, म्हणजे 300 ग्रॅमला 150. वाफवायचे असतील तर पाणी कडकडीत, कारण त्याने पिठातला स्टार्च तिथल्या तिथे फुगतो आणि ग्लुटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची, अकड मोडते, मग पारी मऊ राहते आणि लाटताना रबरासारखी मागे येत नाही. उकळत्या पाण्यात सोडायचे असतील तर उलटं, गार पाण्यात मळायचं, तिथे ती अकडच हवी असते, नाहीतर फुटतात. मग अर्धा तास झाकून ठेवायचं. हा अर्धा तास मी पहिल्या वर्षी सरसकट गाळायचो आणि मग लाटण्याला शिव्या द्यायचो. कोबी बारीक चिरून मीठ लावून वीसेक मिनिटं ठेवायचा आणि पिळायचा, म्हणजे खरंच पिळायचा, मनगट दुखेपर्यंत, तरीही पाणी निघतंच. पारी मधे जाड आणि कडेला पातळ, कारण चुण्या पडतात तिथे कडेचे थरावर थर बसतात, तिथे जाड राहिली तर कच्च्या पिठाचा गोळा दाताखाली येतो. रविवारी सकाळी हे सगळं करून चाळीस नग ताटात मांडले की मला जे वाटतं ते ऑफिसात पाच दिवसांत एकदाही वाटत नाही. असो.

आता ती रात्र.

हा छंद लागून तेव्हा दोनेक वर्षं झाली होती, म्हणजे माणूस सगळ्यात असह्य असतो तो काळ. आम्ही सहा जण एका छोट्याशा रेस्टॉरंटमध्ये, प्लास्टिकचं मेन्यूकार्ड, टेबलं एकमेकांना चिकटलेली, अशी आरामात बसून खायची जागा. तीन टोपल्या डम्पलिंग मागवले. अर्थात मीच मागवले. पोराने टोपल्या आणून ठेवल्या, मी पहिल्या टोपलीचं झाकण उचललं, वाफ चष्म्यावर आली, चष्मा पुसून बघतो तर आत दहा डम्पलिंग आणि दहाच्या दहा सारखे. चुण्या सारख्या, टोक सारखं, कलसुद्धा एकाच बाजूला. मी म्हणालो, "मशीनचे आहेत."

कुणी विचारलं नव्हतं. पण कुणीतरी म्हणालं, कशावरून? आणि मी सुटलो. हाताने केलेले दोन कधी सारखे नसतात इथपासून सुरुवात. मग चीनमध्ये तुर्फानजवळच्या अस्तानाच्या थडग्यांत थांग राजवटीच्या काळातले डम्पलिंग सापडलेत, हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचे, कोरड्या हवेमुळे वाळून आख्खे राहिलेत, आणि बघा, त्यांचा आकारसुद्धा आजच्यासारखाच आहे. मग तो त्याही आधीच्या हान राजवटीतला वैद्य, जांग जोंगजिंग, त्याने म्हणे थंडीने कान गळायला आलेल्या गरिबांसाठी मटण आणि औषधी मसाले पारीत भरून कानाच्या आकाराचे केले, अशी दंतकथा. मग तैवानमधल्या तैपेईचं दिन ताई फुंग रेस्टॉरंट, 1958 साली तेलाचं दुकान म्हणून निघालं आणि पुढे तिथल्या शाओलोंगबाओच्या, म्हणजे आत सूप असलेल्या डम्पलिंगच्या, 18 चुण्या जगभर गाजल्या. आणि आत सूप कसं भरतात, तर भरतच नाहीत, जेली करून घट्ट तुकडा ठेवतात, तो वाफेत वितळतो. सगळं खरं होतं हो. एक शब्द खोटा नव्हता. झाकण माझ्या हातात होतं आणि बाकी दोन टोपल्यांचीही मी उदाहरण दाखवायला उघडून ठेवली होती, आणि माझं संपेपर्यंत खायचं नाही असं पाच सभ्य माणसांना वाटत होतं.

दहा मिनिटं तरी गेली असतील. मग मी एक उचलला. बूड टोपलीतल्या कागदाला चिकटलेलं, फाटलं, रस खाली गेला. कड वाळून नखासारखी झाली होती. मी पोराला हाक मारली.

"हे फ्रोझन आहेत ना?"

"नाही सर, इथेच करतो."

"मला कळतं. मी स्वतः करतो."

हे वाक्य मला अजूनही रात्री कधीतरी आठवतं आणि मी कूस बदलतो.

पोरगा आत गेला. बायको टेबलाखालून पाय दाबत होती. पोरगा परत आला तो उर्मटपणे वगैरे नाही, अगदी सरळ म्हणाला, "सर, आत या ना, बघा." मला वाटलं, चला, आता पॅकेट दाखवणार आणि सॉरी म्हणणार. मी उठलो. म्हणजे मी खरोखर उठून गेलो.

आत स्टीलच्या टेबलापाशी एका स्टुलावर पन्नाशीची एक बाई बसली होती. ओल्या फडक्याखाली पाऱ्यांची चळत, डावीकडे सारणाचं पातेलं, उजवीकडे ताट. पारी तळहातावर, बोथट पट्टीने सारण, अंगठ्याने आत दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं कडेने चालत जायची, शेवटी एक चिमूट. झाला. मी मनात आकडे मोजले, पाच होत नव्हते. आणि ती हाताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ताटात ओळी होत्या. दहाच्या दहा सारखे. कल एकाच बाजूला, कारण ती उजव्या हाताची होती, एवढंच.

पोराने सांगितलं, हे सर पण करतात घरी.

"हो?" ती म्हणाली. "एका वेळी किती करता?"

"चाळीस. कधी पन्नास."

तिने मान हलवली. लहान मूल आपल्याला शंभरपर्यंत येतं म्हणून सांगतं तेव्हा आपण हलवतो तशी. हसली नाही, हसली असती तर बरं झालं असतं. मग पोराला विचारलं, कुठल्या टेबलाचं? आणि मला, "झाकण उघडं ठेवलं होतं का?"

मी काही बोललो नाही.

"वाफ गेली की कड कडक होते. आल्या आल्या खायचं." आणि मागच्या स्टीमरमधून एक काढून बशीत ठेवून पुढे केला. मी तो तिथेच उभ्याने खाल्ला, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. पारी माझ्यापेक्षा पातळ होती आणि फाटली नव्हती, सारण सुटं न पडता एकजीव, चावल्यावर रस. मी काय म्हणायला हवं होतं हे तुम्हालाही माहितीये. मी म्हणालो, "छान आहे." तेही परीक्षक म्हणतात त्या आवाजात.

टेबलावर आलो. सगळे बघतायत. मी म्हणालो, "हाताचेच आहेत, पण कोबी अजून पिळायला हवा होता."

त्या 'पण'चं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तो कुठून आला? कोबी उत्तम पिळलेला होता.

पुढच्या रविवारी चाळीस केले. ताटात मांडले आणि पहिल्यांदा नीट बघितले. एक जाडा, एक वाकडा, एकाला सात चुण्या, एकाला अकरा, तीन-चारांची तोंडं धड बंद नाहीत. ह्यालाच मी दोन वर्षं हाताची खूण म्हणत होतो. ती हाताची खूण नव्हती, सरावाच्या अभावाची होती. ती बाई दिवसात जेवढे करत असेल तेवढे करायला मला किती रविवार लागतील याचा हिशोब मांडायला घेतला आणि सोडून दिला.

आता तेव्हाचा मी म्हणेल, अरे पण गिऱ्हाइकाने विचारायचंच नाही का? कितीतरी ठिकाणी पॅकेटमधलेच वाफवून देतात, ते ओळखायला येऊ नये का? यावं की. आणि फ्रोझनमध्ये वाईट काय आहे, मी स्वतः करून फ्रीझरमध्ये ठेवतो आणि न वितळवता थेट पाण्यात सोडतो, उत्तम होतात. म्हणजे माझ्या त्या प्रश्नातच मुळात तक्रार कसली होती? तर तक्रार अशी की इथे माझ्यापेक्षा कुणाला जास्त येत नसावं. हे लिहिताना बरं वाटत नाहीये. आणि तरी, कागदाला बूड चिकटलं होतं ते चिकटलंच होतं, कागदाला तेलाचं बोट लावलं असतं तर निघालं असतं, हे मी आत्तासुद्धा लिहितोय बघा.

तर मी मागवत नाही याचं कारण हे. लाज म्हणा. किंवा भीती म्हणा, की टोपली समोर आली की माझं तोंड उघडेल. बायको म्हणते हे दुसरं नाटक आहे, आधी जास्त बोलून लक्ष वेधायचास आणि आता न खाऊन वेधतोस, गप दोन खा आणि विषय संपव. ती त्या जागी मैत्रिणींबरोबर दोनदा जाऊन आली. चांगले असतात म्हणे. मला बोलावलं होतं, मी काहीतरी काम काढलं. बायकोचं बरोबर असेलही. पण नूडल्स मला खरंच आवडतात, हेही कुणीतरी धरा.

मागच्या महिन्यात पुन्हा तेच, वेगळी जागा, वेगळी मंडळी, भाचा होता. दोन टोपल्या आल्या. एकाने झाकण उचललं आणि फोन काढला, फोटो, मग अजून एक फोटो, मग दुसऱ्याने म्हटलं थांब माझाही. वाफ चाललीय. मला राहवेना. मी म्हणालो, "आधी खा रे, मग काढा फोटो, कड कडक होते."

भाचा म्हणाला, "मामा, लेक्चर नको ना."

मी नूडल्स फिरवत बसलो.