फॅनी लू हेमर यांचा फोटो मराठी अंकात छापताना: माझा अनुभव

मुंबईत १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. त्यामुळे त्या विषयावरच्या मराठी लेखांसोबत कृष्णवर्णीयांच्या अमेरिकी चळवळीचा एखादा फोटो लागतोच, आणि बहुतेक वेळा तो इंटरनेटवरून उचललेला मार्टिन ल्यूथर किंग यांचा असतो. मला हव्या होत्या फॅनी लू हेमर. मिसिसिपी राज्यात कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय हेमर १९६२ साली मतदार नोंदणीला गेल्या आणि मळ्यावरून हाकलल्या गेल्या. पुढच्या वर्षी तुरुंगात त्यांना मारहाण झाली. त्याची साक्ष त्यांनी २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात दिली. तिथला वॉरन लेफलर यांनी काढलेला त्यांचा फोटो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

लेफलर ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या साप्ताहिकाचे छायाचित्रकार. साप्ताहिकाने संग्रह लायब्ररीला देताना स्वतःकडचे हक्क जनतेला अर्पण केले, म्हणून मी आधी इथेच शोधतो. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड-टेलिग्राम’चा संग्रहही तिथेच आहे, पण त्यात वृत्तपत्राच्या स्वतःच्या छायाचित्रकारांबरोबर वृत्तसंस्थांचे फोटोही मिसळलेले आहेत, आणि त्यांचे हक्क वेगळे असू शकतात. म्हणून प्रत्येक फोटोच्या नोंदीतली हक्कांची सूचना वाचायची. संग्रहाचं नाव पाहून थांबायचं नाही. लायब्ररीच्या इमारतीबाहेरून, इंटरनेटवर फक्त नखाएवढं चित्र दिसत असेल, तर हक्काचा प्रश्न बाकी आहे असं धरून चालावं.

नोंद वाचण्याचीही एक रीत आहे. एलसी-यू९ ने सुरू होणारा क्रमांक या साप्ताहिकाच्या निगेटिव्हचा. शेवटचा आकडा फ्रेमचा. शीर्षकाच्या शेवटी येणारी डब्ल्यूकेएल ही अक्षरं लेफलर यांची, एमएसटी ही त्याच साप्ताहिकाचे छायाचित्रकार मॅरियन ट्रिकॉस्को यांची. चौकटी कंसातला मजकूर मूळ नाही, तो ग्रंथपालांनी पुरवलेला असतो. शेजारच्या फ्रेम पाहिल्या की जागा आणि प्रसंग पक्का होतो.

फोटोओळीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून १९५५ साली माँटगमेरी शहरात अटक झालेल्या रोझा पार्क्स यांचा बसच्या खिडकीजवळचा गाजलेला फोटो सर्रास ‘१९५५, अटकेच्या दिवशी’ म्हणून छापतात. तो २१ डिसेंबर १९५६ चा आहे, त्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार जिंकल्यानंतर खास वृत्तपत्रांसाठी काढलेला. मागच्या सीटवरचा गोरा माणूस चिडलेला प्रवासी वगैरे कोणी नाही, तो निकोलस क्रिस नावाचा बातमीदार आहे.

फाइल टिफ या प्रकारचीच घ्यावी, ती सेव्ह करताना तपशील गळत नाही. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह झाली की राखाडी छटा तुटतात. साडेपाच इंच रुंदीला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने १६५० पिक्सेल पुरतात.

खरी कसोटी छपाईत लागते. छापील फोटो शाईच्या बारीक ठिपक्यांचा बनतो. मॅपलिथो हा पुस्तकांचा साधा, लेप नसलेला कागद शाई पितो, ठिपका पसरतो, आणि फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७० च्या आसपास दिसतो. हेमर यांच्या गालाच्या, कपाळाच्या छटा नेमक्या या मधल्या पट्ट्यात येतात. फाइल जशीच्या तशी पाठवली तर चेहऱ्याचा काळा गोळा होतो आणि डोळे हरवतात. उपाय म्हणून कोणी ‘ऑटो लेव्हल्स’, म्हणजे संगणकाने आपोआप केलेली उजेड-अंधाराची जुळवणी, लावतं. मग पार्श्वभूमी पांढरी पडते आणि बाई निष्कारण गोऱ्या दिसतात. हे मला अजिबात मान्य नाही. मी कर्व्हमध्ये, म्हणजे छटा हाताने कमीजास्त करण्याच्या आलेखात, ५० चा बिंदू ४० च्या जवळ आणतो, सर्वात गडद भाग ९२ टक्क्यांवर थांबवतो आणि उजळ भागात ४ टक्के ठिपका राखतो. ग्रेन, म्हणजे फिल्मचा बारीक दाणा, पुसणारं फिल्टर लावत नाही, कारण ग्रेनबरोबर त्वचेचा पोतही जातो. धुळीचे कण काढावेत, बाकी काही काढू नये. समोरचा माईक क्रॉप करू नये; साक्ष चालू आहे हे त्याच्यावरूनच कळतं.

प्रूफ त्याच कागदावर मागावं. गुळगुळीत आर्ट पेपरवरचं प्रूफ सुंदर दिसतं, पण ते इथे कामाचं नाही.

फोटोखालच्या ओळीत व्यक्ती, प्रसंग, ठिकाण, तारीख, छायाचित्रकार, संग्रह आणि लायब्ररीचा क्रमांक द्यावा. जागा कमी पडली तर विशेषणं गाळावीत, क्रमांक नाही. पुढच्या माणसाला तोच फोटो त्याच्यावरूनच सापडतो.