बंद पडणारा लॅपटॉप : तिसरा रविवार

लॅपटॉप मधेच का बंद पडतो, हे शोधण्यात मागचे दोन रविवार फुकट गेले होते. आज बरंच हाती लागलं.

घर सोलापुरात अशोक चौकाजवळ, खाली मामांचे चार यंत्रमाग, वर आम्ही. त्यात मे महिना, दुपारी पारा ४२ च्या वर. त्यामुळे जो तो ‘उन्हानं तापतोय बे’ म्हणून मोकळा. मीही तेच धरून चाललो होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) दर वेळी कर्नल-पॉवर ४१ दिसायचं, पण ते एवढंच सांगतं की मशीन रीतसर बंद झालं नाही. का, ते नाही.

मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पात्यांवर नेहमीचीच धूळ. खरा माल पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पट्ट्यांच्या मधे : सुती तंतूंची चांगली जाड गादी. चिमट्यानं सोलली तर थर सुटे झाले. वर मरून, मग पांढरा, तळाशी पोपटी. मामांना दाखवली. “पोपटी टॉवेल? ती दिवाळीआधीची ऑर्डर,” म्हणाले. म्हणजे मी किती महिने पंख्याकडे बघितलं नाही, त्याचा पुरावाच.

पंखा बोटानं धरून ब्लोअर मारला (मोकळा फिरू दिला तर बेअरिंगची वाट लागते). प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती बदलली. तोच व्हिडिओ रेंडर करताना (एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवताना) आधी ९७ अंश, आता ७९. खूश होऊन चहा प्यायलो, आणि संध्याकाळी गडी पुन्हा गेला. ६४ अंशांवर!

मग वही काढली. बंद पडण्याच्या अकरा नोंदींपैकी नऊ वेळा चार्जर लावलेलाच नव्हता. उरलेल्या दोन वेळा रेंडर चालू होतं, ते पाप त्या गादीचं. विंडोजच्या पॉवरसीएफजी कमांडनं बॅटरी रिपोर्ट काढला : मूळ क्षमता ४१,००० मिलीवॉट-तास, आता पूर्ण चार्जला १६,८००. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरनं एकदम करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि बॅटरी ३८ टक्के दाखवत असतानाच स्क्रीन काळी.

बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर पाच तास रेंडर, वर मेमटेस्टची (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) एक पूर्ण फेरी. एकदाही बंद पडला नाही. आई म्हणते, हवेच्या व्हेंटला जाळी लाव. नको, तीच तुंबेल; त्यापेक्षा दर महिन्याला झाकण उघडेन.

नवी बॅटरी येईपर्यंत असंच चालवायचं. लाइट गेली की खालच्या मागांचा खडखडाट आणि माझा रेंडर एकाच क्षणी थांबतात.