डेरिव्हेटिव्ह आणि आयर्विन पूल
यंदा एफवायच्या पोरांना डेरिव्हेटिव्ह (एखादी गोष्ट किती वेगानं बदलते ते) फळ्यावर शिकवलंच नाही, आदल्या रात्री ग्रुपवर छोटा व्हिडिओ टाकायचा आणि तासाला नुसती गणितं, तीही गटात. निम्मे जण व्हिडिओ न बघताच येतात ते सोडा. प्रोजेक्ट दिला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा, ४० फूट इशारा, ४५ धोका, २०१९ च्या पुरात तर ५७ च्या वर गेलेलं. एका गटात जाम जुंपली, पाणी चढतंय पण चढायचा वेग कमी होतोय, मग दुसरा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वेगच कसा बदलतोय ते, प्लस का मायनस? नदीकाठच्या हरिपूरची एक पोरगी म्हणाली, "मायनसच ओ सर, पण सामान माळ्यावर टाकायचं ते टाकायचंच." मार्कांचा घोळ मात्र आहेच, एकटा राबतो आणि चौघं नावं घालतात.