सांगलीत बसून बाबेलचा बुरुज, तो पण चौकोनी

बाबेलचा बुरुज, म्हणजे बायबलमधल्या गोष्टीत माणसांनी आभाळापर्यंत न्यायला काढलेला बुरुज, असं सर्च केलं की पानभर एकच चित्र येतं, गोल गोल वर चढत गेलेला, कमानीच कमानी असलेला, अर्धवट राहिलेला बुरुज. ब्रूगेल नावाच्या चित्रकाराने १५६३ साली काढलेलं ते चित्र, सध्या व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, आणि तेव्हापासून जो तो तसाच काढतोय, गेमवाले पण तसाच, पोस्टरवाले पण तसाच, आणि आम्ही लेगोची डिजिटल मॉडेलं करणारे लोक पण डोळे झाकून तसाच. माझं म्हणणं एवढंच आहे की तयार तुकड्यांतून बांधायचं असेल तर हा गोल नाद सोडा आणि खरा जो होता तो बांधा. खरा चौकोनी होता.

खरा म्हणजे एतेमेनांकी. मार्दुक देवाचा झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांनी वर चढत जाणारा देवळाचा बुरुज, बॅबिलॉनमध्ये, म्हणजे आजच्या इराकमधल्या हिल्ला शहराजवळ. नाबोपोलास्सर राजाने त्याचं काम नव्याने काढलं आणि त्याच्या पोराने, नेबुखद्नेस्सर दुसरा याने (इ.स.पू. ६०५ ते ५६२) ते तडीस नेलं. बायबलमधली गोष्ट उत्पत्तीच्या ११ व्या अध्यायात आहे, फक्त ९ वचनांची, पण त्यात एक कामाची गोष्ट सांगून ठेवलीय, की त्या लोकांनी दगडाच्या जागी भाजलेली वीट वापरली आणि चुन्याच्या जागी डांबर. आणि रॉबर्ट कोल्डेवे या जर्मन माणसाने १८९९ ते १९१७ एवढी वर्षं तिथं खोदकाम केलं तेव्हा अगदी हेच निघालं, भाजलेल्या विटा आणि मध्ये डांबर.

त्या विटांवरच माझा जीव आहे खरं तर. साधारण ३३ सेंटिमीटर चौरस, सगळ्या एका मापाच्या, आणि कित्येकांवर शिक्का, की मी नेबुखद्नेस्सर, बॅबिलॉनचा राजा, नाबोपोलास्सरचा थोरला मुलगा. म्हणजे बघा, सव्वीसशे वर्षांपूर्वी एका मापाचा तयार पार्ट, त्यावर ब्रँडचं नाव, आणि तोच पार्ट देवळाला पण, तटबंदीला पण, रस्त्याला पण. आता सांगा, हे आपल्या लाईनचं काम नाही तर काय आहे.

ज्यांना डिजिटल लेगो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एलड्रॉ नावाची एक फुकट सिस्टिम आहे, जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ च्या सुमारास सुरू केली, तो बिचारा १९९७ ला गेला पण लोकांनी ती चालू ठेवली आणि आज जवळपास प्रत्येक तुकडा कुणी ना कुणी हौशी माणसाने त्यात काढून ठेवलेला आहे. आपण तुकडे बनवायचे नसतात, फक्त मांडायचे. २ बाय ४ ची नेहमीची वीट म्हणजे ३००१ नंबर. फाईल उघडून बघितली तर आत नुसता मजकूर असतो, एका ओळीला एक तुकडा, सुरुवातीच्या १ नंतर रंगाचा नंबर, मग जागा, मग कुठं तोंड करून ठेवायचा त्याचे ९ आकडे, शेवटी पार्टचं नाव. रंग १९ म्हणजे टॅन, आपला मातकट, रंग १ म्हणजे निळा. वर जायचं तर उंचीचा म्हणजे Y चा आकडा मायनस करायचा, हे ज्याने ठरवलं त्याला नमस्कार. मांडणी करायला लिओकॅड आणि स्टुडिओ ही सॉफ्टवेअरं आहेत, पण बुरुजासारखं एकच काम हजारदा करायचं असेल तर माऊस बाजूला ठेवून पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळींची स्क्रिप्ट लिहावी, ती ओळी छापत बसते आणि आपण चहा घेऊन यावा.

खऱ्या तुकड्यांनी का नाही, असं विचारणारे आहेत. खरे तुकडे घ्यायचे तर पगार तिकडंच जाईल आणि घरातले मला हरिपूरच्या घाटावर सोडून येतील. डिजिटलमध्ये लाख विटा फुकट.

आता हिशेब, कारण मजा सगळी इथंच आहे. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये मातीची एक पाटी आहे, तिला एसागिला पाटी म्हणतात, इ.स.पू. २२९ मध्ये उरुक शहरात उतरवून घेतलेली, तिच्यात बुरुजाची मापं दिलीत. आजच्या मीटरमध्ये करून अभ्यासक जे सांगतात ते असं, की पायथा साधारण ९० बाय ९०, पहिला टप्पा ३३ मीटर उंच, दुसरा ७८ चा चौरस आणि १८ उंच, तिसरा ६०, चौथा ५१, पाचवा ४२, हे सगळे ६-६ मीटर उंच, सहाव्याचं माप पाटीत नाहीच, त्याला ३३ धरतात आणि उंची तीच ६, आणि सगळ्यात वर देऊळ २४ बाय साडेबावीस, १५ मीटर उंच. बेरीज ९०. जेवढा रुंद तेवढाच उंच. आणि ही नुसती कागदावरची बढाई म्हणता येत नाही, कारण खोदकामात पायथा ९१ मीटरच्या आसपासच निघाला.

मी ठरवलं एक बटण म्हणजे एक मीटर. बटण म्हणजे लेगोच्या डोक्यावरचा तो गोल उंचवटा, दोन बटणांतलं अंतर ८ मिलिमीटर. वीट ९.६ मिलिमीटर उंच, प्लेट म्हणजे चपटा तुकडा, तिच्या एक तृतीयांश उंच. मग १८ मीटर म्हणजे बरोब्बर १५ विटा. ६ मीटर म्हणजे बरोब्बर ५ विटा. मी खुर्चीतून उठलोच. ३३ मीटरला मात्र साडेब्याऐंशी प्लेट येतात आणि १५ मीटरला साडेसदतीस, पण एकाला अर्धी कमी केली आणि दुसऱ्याला अर्धी वाढवली की ८२ आणि ३८, आणि एकूण उंची २२५ प्लेट, म्हणजे नेमक्या ७५ विटा, बाहेर ना आत. बॅबिलॉनवाल्यांनी डेन्मार्कच्या लेगो कंपनीला विचारून बांधला असेल असंच वाटायला लागतं.

विटा रचायच्या कशा ते मला आमच्या शेजारच्या गवंडीकाकांनी सुचवलं. ते संध्याकाळी कट्ट्यावर बसलेले असतात, लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाले, "काय बांधायलाईस रं?" म्हटलं बुरुज बांधतोय काका. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "कोपऱ्याला अद्धा कशाला घालतोस, एका थराला हिकडची भिंत कोपऱ्यापातूर ने, वरच्या थराला तिकडची ने, सांधा आपोआप मोडतोय की." आणि खरंच. ९० च्या बाजूतून कोपऱ्याची दोन बटणं वजा केली की ८८ उरतात, ८८ ला चारने भागलं की २२ पूर्ण विटा, चारी बाजू मिळून एका थराला ८८ विटा, एक पण अर्धी वीट नाही, वरचा थर उलट्या दिशेने फिरवला की प्रत्येक सांधा खालच्या विटेच्या मधोमध. ७८ ला १९ विटा येतात, ४२ ला १०. ५१ आणि ३३ हे विषम आकडे तेवढे नडतात, ते मध्यावर बसवायचे तर अर्ध्या बटणाची भानगड होते, म्हणून मी ५० आणि ३४ घेतले, त्याला १२ आणि ८ विटा येतात. ६० ला साडेचौदा येतात, म्हणून ५८ केलं, १४ विटा, तिथं काकांचा शब्द मोडायचा नाही म्हणून. इतिहासाच्या लोकांनी मला दोन मीटर माफ करावेत.

मॉडेल आतून पोकळ आहे. काहींना हे फसवणूक वाटते पण खरा बुरुज तरी कुठं आतून बाहेरून एकसारखा होता, आतला साधारण ६० मीटरचा गाभा कच्च्या विटांचा आणि त्याभोवती १५ मीटर जाड भाजलेल्या विटांचं कवच, म्हणजे भट्टीचं जळण जिथं दिसतंय आणि जिथं पाऊस लागतोय तिथंच खर्च केलेलं. आमच्याकडं नदीकाठच्या वीटभट्टीवाल्याला विचारा जळणाचा भाव, तो तुम्हाला नेबुखद्नेस्सर बरोबर होता म्हणूनच सांगेल. मी कवचाची फक्त बाहेरची दोन बटणं ठेवलीत, बाकी हवा.

भाच्याला मात्र गोलच पाहिजे होता. "मामा, हा तर पाण्याच्या टाकीसारखा दिसतोय" असं तोंडावर म्हणाला. मग त्याला गोल करून दाखवायला बसलो. चौकोनी तुकड्यांतून गोल करायचा म्हणजे कडा करवतीसारख्या दातेरी येतात, ते टाळायचं तर प्रत्येक वीट थोडी थोडी फिरवावी लागते, आणि फिरवली की वरच्या थराची बटणं खालच्यावर बसत नाहीत. एलड्रॉला त्याचं काही नाही, त्याच्यात गुरुत्वाकर्षण नाही, एका विटेत दुसरी घुसवली तरी तो हूं का चूं करत नाही, स्टुडिओ निदान तुकडे एकमेकांत घुसले तर सांगतो. स्क्रीनवर एकदम भारी गोल बुरुज उभा राहतो आणि प्रत्यक्षात त्यातली एक वीट दुसरीला धरलेली नसते. गंमत म्हणजे ब्रूगेलच्या चित्रात पण तोच घोळ आहे, त्याने कमानी चढत्या रस्त्याला काटकोनात काढल्यात, म्हणजे ओळंबा लावून बघितला तर सगळ्या कललेल्या. कोलोसियम बघून आला होता तो रोमला, त्याच्या कमानी उचलल्या आणि गोल फिरवल्या, चित्र म्हणून एक नंबर, पण त्या बुरुजाखाली मी स्कूटर लावणार नाही. भाच्याला हे पटलं नाही, त्याने गोल वाल्याचाच वॉलपेपर ठेवलाय.

जिना हे मात्र अवघड प्रकरण. दक्षिणेला तीन जिने होते, दोन भिंतीला चिकटून आणि एक मधला सरळ पुढं आलेला, खोदकामात त्याची लांबी ५० मीटरच्या आसपास आणि रुंदी ९ च्या आसपास मिळालीय. तो वर नेमका कुठं टेकत होता यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. मी पहिल्या टप्प्यावर टेकवला, ५० बटणांत ८२ प्लेट चढायच्या, म्हणजे ५० पायऱ्या, त्यातल्या ३२ दोन प्लेटच्या आणि १८ एका प्लेटच्या, आलटून पालटून पेरल्या की लांबून सरळ उतार दिसतो. जवळून बघू नका. हेरोडोटस हा जुना ग्रीक इतिहासकार म्हणतो की वाट बाहेरून फिरत फिरत वर जाते आणि अर्ध्यावर बसायला जागा आहे, तो मजले पण ८ मोजतो. गोल बुरुजवाल्यांचा सगळा आधार असल्या वर्णनांवर आहे, पण पाटी आणि पाया दोन्ही हातात असताना मी हेरोडोटसला कशाला विचारू.

वरचं देऊळ निळं केलंय, कारण राजाच्या लेखात वरती चकचकीत निळ्या विटा लावल्याचं आहे. टॅनच्या ढिगावर ते निळं जे उठून दिसतं ना, तिथं भाच्याने पण मान हलवली.

आज तिथं जाऊन बघायला काही नाही, पाणी साठलेला चौकोनी खड्डा आहे. अलेक्झांडरने नवीन बांधायचा म्हणून पडझड झालेला ढिगारा काढायला घेतला, स्ट्रॅबो हा जुना ग्रीक लेखक लिहितो की नुसता ढिगारा हलवायला १०,००० माणसांचं दोन महिन्यांचं काम होतं, आणि इ.स.पू. ३२३ मध्ये तो बॅबिलॉनमध्येच मेला, म्हणजे जुना गेला आणि नवीन झालाच नाही. राहिलेल्या भाजक्या विटा गावकऱ्यांनी उपसून नेल्या. चांगली विट कोण सोडतं, वाडा पाडला की आपल्याकडं पण आधी विटांचाच सौदा होतो.

फाईल पूर्ण झाली म्हणून काकांना दाखवली तर त्यांनी वरून खाली एकदा बघितलं आणि विचारलं, "आन् पावसाचं पानी कुठनं जाणार?" आता काय बोलणार. इराकमधल्याच उर शहराचा झिगुरात, जो याच्यापेक्षा दीड हजार वर्षांनी जुना आहे, त्याच्या भिंतीत पाणी झिरपून बाहेर यायला भोकं ठेवलेली आहेत. मग लेगो टेक्निकचा १ बाय १ भोकवाला तुकडा शोधला, पहिल्या टप्प्याच्या भिंतीत ठराविक अंतराने एकेक विट काढून तिथं तो बसवतोय, स्क्रिप्टमध्ये एक इफ म्हणजे अट घातली की झालं, फक्त त्याच्या शेजारी अद्धे लागणार आहेत, ते काकांना सांगायचंय अजून.