फाल्गुनात नाशिक: आधी बाग, मग वाइन

होळी झाली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "थंडी सरली, आता एखाद्या रविवारी नाशिकला वायनरी बघायला जाऊ या का?" जायला हरकत काहीच नाही. पण तोवर वेलींवर बघण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. मी नाशिककडची, माहेर दिंडोरी तालुक्यातलं आणि आता ठाण्यात राहते. त्यामुळे मी प्रत्येकाला एकच सांगते: होळीची वाट बघू नका. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा किंवा मार्चचा पहिला, एवढीच खिडकी धरा.

युरोपात वसंतात वेलीला नुकते कोंब येतात आणि तोडणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे उलटं. इथली वेल थंडीत झोपत नाही, म्हणून तिची छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या हंगामाची काडी तयार होते. पाऊस ओसरत आला की गोडी छाटणी, तिच्यातून घड येतो. सगळं फळ कोरड्या थंडीत पोसलं जातं आणि जानेवारी ते मार्च या काळात उतरतं. आंब्याला मोहोर आलेला असतो, पळस फुललेला असतो, आणि द्राक्षाच्या बागेत सुगी चाललेली असते. असा वसंत वाइनच्या फारच थोड्या मुलखांना मिळतो.

या वेळी मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं जाणार आहोत. पहिला प्रश्न गाडीचा होता. नवरा म्हणाला, आपलीच कार काढू. मी ठाम नाही म्हटलं. वाइन चाखायची आणि मग कसारा घाट उतरायचा, हे मला अजिबात मान्य नाही. आणि एकाने दिवसभर कोरडं राहून बाकीच्यांना फिरवायचं, तर त्याची कसली सहल? म्हणून रेल्वे. शिर्डीची वंदे भारत सकाळी सातच्या आत ठाण्याहून सुटते, नऊच्या सुमारास नाशिक रोडला पोचवते आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास तीच परत नेते. मंगळवारी ती नसते. एरवी कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागतं, कारण थळ घाटाचा, म्हणजे याच कसारा घाटाचा, चढ ३७ फुटांना एक फूट आहे; ही गाडी तो चढ स्वतःच्या जोरावर चढते. सासूबाईंना घाट बघायचाय, त्यांना खिडकी दिली आहे.

स्टेशनवरून दिवसभरासाठी टॅक्सी ठरवायची आणि आधी मामांच्या बागेत. मामा फोनवर म्हणाले, "अगं, ऊन चढायच्या आत या, नंतर तोडणी थांबते." त्यांची बहुतेक बाग खायच्या द्राक्षांची, थॉमसन. शेजारच्या बागेत वायनरीशी करार करून लावलेली शिराझ, म्हणजे लाल वाइनची द्राक्षं, आहे. दोन्ही बागा एकापाठोपाठ बघितल्या की जे कळतं, ते चाखण्याच्या टेबलावर कुणी समजावून सांगत नाही. थॉमसनच्या घडाची विरळणी करतात, त्याला जीए या वाढीच्या संजीवकात बुडवतात, मणी लांब आणि फुगीर करतात. वाइनच्या द्राक्षाला यातलं काही नको असतं. मणी बारीकच हवा, साल जाड हवी, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. शिराझचा एक मणी चावून बघा: बी मोठी, रस थोडा, साल दाताखाली जाणवणारी, आणि गोडी थॉमसनपेक्षा जास्त. लाल वाइनसाठी साधारण २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) भरेपर्यंत घड वेलीवर ठेवतात. त्या साखरेचीच पुढे दारू होते.

बाग बघून मग गंगापूर धरणाकडे. तिकडे सुला, यॉर्क, सोमा अशा वायनरी एकमेकींपासून जवळ आहेत. आम्ही फक्त दोन करणार. लोक एका दिवसात चार उरकतात. तिसऱ्या ठिकाणी जीभ काही सांगेनाशी होते, उरतात फक्त फोटो. सुलाला जायचं ते कारखाना बघायला. सुलाचे राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परत आले, इथल्या घरच्या जमिनीवर सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. सुलभा या आईच्या नावावरून कंपनीचं नाव. नाशिक तोवर खायच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध होतं. हंगामात गेलं की स्टीलच्या थंड टाक्या भरलेल्या असतात आणि आंबण्याचा वास हवेत असतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष आधी दाबून फक्त रस आंबवतात, लालसाठी सालीसकट. साली वर तरंगून थर धरतात, म्हणून खालचा रस पुन्हा पुन्हा वर खेळवावा लागतो. टूर घेताना हे चालू असेल तर दाखवा म्हणून विचाराच.

चाखताना क्रम पाळायचा: फेसाळ, मग पांढरी, मग रोझे, मग लाल, गोड शेवटी. नाशिकमध्ये माझी आवड शेनिन ब्लां, आणि ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. आपल्या उकाड्याला आणि आपल्या तिखटाला तीच साजते. वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते बिनधास्त वापरा. आणि एकवीस वर्षांखालच्या कुणाला चाखायला घेऊन जाऊ नका, महाराष्ट्रात वाइनसाठी तोच नियम आहे. ड्राय डेही आधी बघून ठेवा.

मिसळ मात्र यानंतरच. नाशिकला उतरल्या उतरल्या मिसळ हाणायची जुनी सवय आहे, पण रश्श्याने पोळलेल्या जिभेला शेनिन आणि सोविन्यों यांतला फरक कळत नाही. बारदान फाट्याजवळ साधना मिसळ वाटेवरच आहे. चुलीवरची, सोबत पापड आणि दही. दोन्ही वायनरी झाल्यावर, दुपारी दोनला तिथे.

सासूबाई वाइन घेत नाहीत. त्यांना दिवसभर आमच्यामागे बसवून ठेवायचं मला पटेना, म्हणून दुसरी वायनरी धरणाच्या पाण्याकडे तोंड असलेली यॉर्क घेतली आणि बसायचा वेळ कमी केला. तिथला सूर्यास्त सगळे वाखाणतात, तो सोडला. त्याऐवजी मिसळ खाऊन चारला पंचवटी. काळाराम मंदिराच्या दारात त्यांना थोडं थांबायचंय. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. सासूबाईंचे वडील त्या काळच्या गोष्टी सांगायचे, पण त्या स्वतः कधी तिथे गेल्या नाहीत. आमची तारीख २ मार्चच्या आसपासची निघाली, तेव्हा हे त्यांनीच सुचवलं. माझ्या सगळ्या आखणीत मला सर्वांत मोलाचा तास तोच वाटतो. तिथून कोंडाजीचा चिवडा घेऊन सातपर्यंत स्टेशन गाठायचं.

हवामानाकडे मात्र लक्ष ठेवून आहे. फेब्रुवारी-मार्चात अवकाळी आणि गारपीट येते, आणि तयार घडावर गारा पडल्या की वर्षभराचं काम तासाभरात जातं. तसा इशारा आला तर आम्ही तिकिटं रद्द करणार. त्या दिवसांत मामा आणि त्यांची माणसं रात्रंदिवस तोडणीला जुंपलेली असतात, तेव्हा बागेत पाहुणे नकोत. तुम्हीही कुणा शेतकऱ्याच्या बागेत जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून जा, आणि विचारल्याशिवाय घडाला हात लावू नका.