पण हे तुम्हाला कळलं कसं?

इतिहासकारांचे आणि इतिहासावर लिहिणाऱ्या लेखकांचे इंटरव्ह्यू ऐकायचं मला जवळजवळ व्यसन आहे. पॉडकास्ट, जुने रेडिओ कार्यक्रम, लिटफेस्टमधल्या गप्पांचे व्हिडिओ, जे मिळेल ते. आणि इतकं ऐकून एक मत पक्कं झालंय, की अशा गप्पा रंगणार का फसणार हे पाहुण्यापेक्षा प्रश्न विचारणाऱ्यावर जास्त ठरतं. बहुतेक होस्ट दोनच प्रश्न घेऊन बसलेले असतात, एक म्हणजे 'यातून आज आपण काय शिकायचं' आणि दुसरा 'अमुक राजा ती लढाई जिंकला असता तर'. पहिल्यावर पाहुणा काहीतरी गुळमुळीत बोलतो, दुसऱ्यावर हवेत पतंग उडवतो. पुस्तक नुकतंच आलेलं असेल तर अजूनच वाईट, कारण तोच किस्सा तो ठिकठिकाणी सांगून आलेला असतो आणि कुठे थांबून हसायचं तेही ठरलेलं असतं.

पण मधेच कोणीतरी विचारतं, 'थांबा, पण हे तुम्हाला कळलं कसं?' आणि तिथून गप्पांचा नूर पालटतो. मग जुने कागद निघतात, एखादं न लागणारं अक्षर निघतं, आर्काइव्हमध्ये भलत्याच नावाखाली ठेवलेली फाईल निघते. पाहुणा पाठ केलेलं बोलायचं सोडून आठवून बोलायला लागतो. बीबीसी रेडिओवर मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ पासून वर्षानुवर्षं चालवलेला कार्यक्रम म्हणूनच मला आवडायचा, तीन प्राध्यापक, एक विषय, आणि पाल्हाळ लावलं की चक्क तोडणारा होस्ट. कधीकधी उद्धट वाटायचं, पण चालतंय.

हा प्रश्न न विचारल्यावर काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९८३ चं. 'श्टेर्न' या जर्मन मासिकाला हिटलरच्या हस्तलिखित डायऱ्या मिळाल्या होत्या म्हणे, डझनावारी वह्या. खात्री करायला बोलावलं इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांना, आणि माणूस काही साधा नव्हता, १९४५ मध्ये ब्रिटिश गुप्तचर खात्यातर्फे हिटलरच्या मृत्यूचा तपास त्यांनीच केला होता. झुरिकच्या एका बँकेच्या तिजोरीत त्यांना वह्यांची चळत दाखवली गेली, सोबत बाकीचे कागद, चित्रं, आणि सांगण्यात आलं की कागदाची तपासणी झाली आहे, तो त्याच काळातला आहे. एवढा मोठा ढीग कोण कशाला बनवेल, असं वाटून ते हो म्हणाले. बरं, हस्ताक्षरतज्ज्ञांनीही अक्षर जुळतंय म्हणून सांगितलं होतं. पण गंमत बघा, जुळवायला त्यांना 'अस्सल' म्हणून जे नमुने दिले त्यातले काही डायऱ्या बनवणाऱ्या ठकानंच, कोनराड कुयाऊनं, बनवलेले होते! म्हणजे खोट्याला खोट्याचीच साक्ष. नंतर ट्रेव्हर-रोपर यांना शंका यायला लागली, हॅम्बुर्गच्या पत्रकार परिषदेत त्यांनी ती बोलूनही दाखवली, पण तोवर गाडी सुटली होती. मे महिन्यात जर्मन सरकारी अभिलेखागारानं जाहीर केलं की कागद आणि बाकीचं साहित्य युद्धानंतरचं आहे, संपला विषय. मला यातलं सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुराव्यांची चिरफाड करणाऱ्या माणसानं 'तपासणी झाली आहे' हे वाक्य ऐकून 'कोणी केली, रिपोर्ट दाखवा' एवढं विचारून तो हातात येईपर्यंत थांबू नये.

आता याच्या अगदी उलट्या टोकाचा माणूस, आलेस्सांद्रो पोर्तेल्ली. हे इटलीतले, नोकरीनं अमेरिकन साहित्याचे प्राध्यापक, पण नाव झालं ते मौखिक इतिहासात, म्हणजे साध्या माणसांकडे रेकॉर्डर घेऊन जायचं आणि तासन्‌तास त्यांना बोलू द्यायचं. तेर्नी नावाच्या पोलाद कारखान्यांच्या शहरात त्यांनी कामगारांच्या आठवणी गोळा केल्या. तिथे लुईजी त्रास्तुल्ली नावाचा एक तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला होता, मार्च १९४९ मध्ये, इटली नेटोत जाण्याविरुद्ध कामगार निदर्शनं करत होते तेव्हा. कागदोपत्री यात काही वाद नाही. पण लोक सांगताना काय सांगायचे? की तो १९५३ मध्ये मेला, कारखान्यातून मोठी कपात झाली आणि रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या तेव्हा. एक-दोघे नाही, बरेच जण!

कच्चा अभ्यासक असता तर म्हणाला असता, म्हातारी माणसं, विसरली, आणि टेप बाजूला ठेवली असती. पोर्तेल्ली तिथेच थांबले आणि विचारत बसले की सगळे एकाच दिशेनं कसे काय विसरतात. त्यांना मिळालेलं उत्तर असं, की १९४९ मध्ये आपला एक पोरगा मारला गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही ही गोष्ट लोकांना सहन होत नव्हती. आणि त्यातून मेला कशासाठी, तर एका लष्करी करारावरच्या छोट्याशा निदर्शनात. १९५३ मध्ये मात्र शहर रस्त्यावर उतरलं होतं, लढलं होतं. मग त्याचं मरण तिथे नेऊन ठेवलं की त्याला अर्थ येतो आणि आपल्यालाही मान वर करता येते. तारीख चुकीची, पण ती चूकच सांगते की त्या मरणाचं लोकांच्या मनात काय झालं. पोलीस रिपोर्टमधून हे जन्मात कळलं नसतं.

मात्र इथे एक गोष्ट लोक विसरतात आणि 'प्रत्येकाचं आपापलं सत्य' वगैरे सुरू करतात, ते मला अजिबात पटत नाही. १९४९ ही तारीख कागदावरून पक्की होती म्हणून तर १९५३ मध्ये काहीतरी सांगण्यासारखं सापडलं. कागद नसता तर ती नुसती एक आठवण राहिली असती.

रोमबद्दलचं त्यांचं काम तर याहून अंगावर येणारं आहे. २३ मार्च १९४४ ला तिथल्या प्रतिकार गटानं एका रस्त्यावर बॉम्ब लावून नाझी पोलिसांच्या तुकडीवर हल्ला केला, त्यात ३३ मेले. जर्मनांनी ठरवलं, एकाला दहा. दुसऱ्याच दिवशी अर्देआतिने इथल्या खाणींत नेऊन ३३५ जणांना गोळ्या घातल्या, म्हणजे त्यांच्याच हिशेबापेक्षा पाच जास्त. नंतर अनेक दशकं रोममध्ये लोक सांगत राहिले की जर्मनांनी भिंतीभिंतींवर पोस्टर लावली होती, हल्लेखोर शरण आले तर कोणाला मारणार नाही म्हणून, आणि ते भेकड लपून बसले म्हणून बाकीचे गेले. अशी पोस्टर नव्हतीच. शरण या असं कोणी सांगितलंच नव्हतं. बातमी छापून आली तीच मुळी 'हुकमाची अंमलबजावणी झाली आहे' अशी. हल्ला ते हत्याकांड यात धड एक दिवससुद्धा गेला नव्हता, पण लोकांच्या आठवणीत मधे बराच काळ जातो, शोधाशोध होते, पोस्टर चिकटवायला वेळ मिळतो. विचार करा, समोर बसलेला माणूस शपथेवर सांगतोय 'मी पाहिलं पोस्टर', तुम्हाला माहितीय की ते नव्हतं, आणि तरी तुम्हाला त्याला बोलू द्यायचंय, अपमान न करता. पोर्तेल्ली म्हणतात की मुलाखतीत दोघंही एकमेकांना जोखत असतात, सांगणाराही बघत असतो की हा कोण आहे आणि याला कितपत सांगायचं.

कादंबरीकारांचं प्रकरण वेगळं. त्यांना 'कसं कळलं' विचारलं की काही जण चिडतात, काही लेखकाच्या स्वातंत्र्याच्या मागे लपतात. हिलरी मँटेल यांची २०१७ ची बीबीसीवरची रीथ व्याख्यानं म्हणूनच ऐकण्यासारखी आहेत, त्यांनी रेघ कुठे मारली ते सरळ सांगितलंय: माणसाच्या मनातली घालमेल मी रचेन, पण त्याच्या दिवाणखान्याच्या भिंतीचा रंग मनानं रंगवणार नाही. ऐकताना उलटं वाटतं, पण नीट बघितलं तर बरोबर आहे, रंगाचा पुरावा कुठेतरी सापडू शकतो, मनातल्या घालमेलीचा सापडणार नाहीये. आणि हे काही आजचं नाही, ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडिसनं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, तेव्हा एकूण आशयाला धरून, त्या प्रसंगी माणसानं काय बोलायला हवं तसं मी लिहिलंय. वाचकाला आधी सांगून टाकलं, ही माझी भर आहे. आजच्या कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मागे एवढंसुद्धा टिपण नसतं.

नॅटली झेमन डेव्हिस या इतिहासकार बाईंचं उदाहरण मला दोन्हींच्या मधलं वाटतं. सोळाव्या शतकातल्या फ्रान्समधला एक शेतकरी, मार्टिन गेर, घर सोडून गेला, काही वर्षांनी एक माणूस 'मीच तो' म्हणून आला, बायकोनं त्याला स्वीकारलं, तीन-चार वर्षं संसार झाला, मग कोर्टकचेरी, आणि निकाल त्याच्या बाजूनं लागणार असं वाटत असतानाच खरा मार्टिन लाकडी पाय घेऊन हजर. १५६० ला तोतयाला फाशी झालं. १९८२ च्या फ्रेंच सिनेमासाठी डेव्हिस सल्लागार होत्या, पण सिनेमात ज्या गोष्टी सुटल्या किंवा बदलल्या त्या त्यांना स्वस्थ बसू देईनात, म्हणून त्यांनी १९८३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं की बायको फसली नव्हती, तिला माहीत होतं आणि ती सामील होती. याला थेट पुरावा नाही. त्या गावात, त्या काळात, त्या वयाच्या बाईसमोर कोणते रस्ते होते त्यावरून बांधलेलं ते अनुमान आहे, आणि पुस्तकात जागोजागी 'कदाचित', 'असेल' असे शब्द आहेत, सुरुवातीलाच कबुली आहे की यातला काही भाग माझी रचना आहे. १९८८ मध्ये इतिहासकार रॉबर्ट फिन्ले यांनी झोडपलं, की हे पुराव्याच्या पलीकडे गेलंय, तिला सोळाव्या शतकातून उचलून आजची बाई बनवलंय. डेव्हिस यांनी सविस्तर उत्तर दिलं. दोन्ही वाचून मी फिन्लेंकडे थोडा झुकतो, पण बाईंचं पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटतं आणि फिन्लेंची टीका नाही, आता याला काय करायचं!

मधे एका ऑनलाइन गप्पांमध्ये शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न होते. तो भाग मी सहसा पुढे ढकलतो, कारण प्रश्न नसतोच, पाच मिनिटांचं भाषण असतं आणि शेवटी 'तुम्हाला काय वाटतं'. पण तिथे एका मुलीनं विचारलं, तुम्ही हे सगळं कोर्टाच्या कागदांवरून लिहिलंय, मग ज्यांचं कधी भांडणच झालं नाही त्यांचं काय? पाहुण्या इतिहासकार बाई हसल्या आणि म्हणाल्या, ते नाही सापडत हो, सुखानं नांदणारं घर माझ्या हाती कधी लागतच नाही, आलंच तर शेजाऱ्याच्या खटल्यात साक्षीदार म्हणून. मग त्यांनी तसा एक साक्षीदार सांगितला, ज्याच्या जबानीतून खटल्याबद्दल काहीच कळत नाही पण तो पहाटे किती वाजता उठून काय काम करायचा ते सगळं कळतं, आणि होस्ट 'वेळ संपली' म्हणत असताना बाई अजून त्याच्याबद्दलच बोलत होत्या.